चित्राखालचा आकडा

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेचं पत्र आलं तेव्हा मनोगत कशावर लिहावं हा प्रश्नच पडला नाही. प्रयोगशाळेच्या बाई! आमच्या वेळच्या मुलामुलींना नाव सांगायची गरज नाही. गॅदरिंगवर, सहलींवर बाकीचे लिहितीलच; मला मिळालेली जागा बाईंसाठीच हवी आहे.

नववीतलं कांद्याच्या पापुद्र्याचं प्रात्यक्षिक. पापुद्रा सोलायचा, आयोडिनचा थेंब टाकायचा, कव्हरस्लिप तिरकी टेकवून अलगद सोडायची आणि जर्नलमध्ये विटांच्या भिंतीसारखं चित्र काढायचं. चित्राखाली सगळ्यांनी ‘विशालन १०० पट’ असं लिहिलं होतं, कारण सूक्ष्मदर्शकाचं नेत्रभिंग १० पटींचं आणि वस्तुभिंगही १० पटींचं. बाईंनी माझ्या शेजारणीचं जर्नल उचललं, तिनं काढलेल्या पेशीला पट्टी लावली. सहा सेंटिमीटर.

“शंभर पट म्हणतेस ना, मग खरी पेशी केवढी गं?”

साठ मिलिमीटर भागिले शंभर, म्हणजे ०.६ मिलिमीटर. तिनं चटकन सांगितलं.

“बघू या तर.”

बाईंनी काचपट्टी काढून तिच्या जागी कंपासमधली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ठेवली. भिंगातून त्या पट्टीच्या रेघा जाड, खडबडीत कडांच्या दिसत होत्या. एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंत एक मिलिमीटर, असं मोजायचं. भिंगातून दिसणाऱ्या गोलाच्या, म्हणजे दृष्टिक्षेत्राच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत १.८ मिलिमीटर भरले. मग पुन्हा कांदा. लांबीच्या दिशेनं त्याच गोलात सहा पेशी बसत होत्या. म्हणजे एक पेशी ०.३ मिलिमीटर, ३०० मायक्रोमीटर. चित्र शंभर पट नव्हतंच, दोनशे पट होतं! “भिंग किती मोठं दाखवतं ते वेगळं, आणि पेन्सिलीनं तू किती मोठं काढलंस ते वेगळं,” बाई म्हणाल्या. मग ४० पटींचं वस्तुभिंग फिरवलं. दृष्टिक्षेत्र चौपट आकसून ०.४५ मिलिमीटर झालं, त्यात जेमतेम दीड पेशी मावली. हिशेब जुळला. पुढचा तास पीटीचा होता, तरी कोणी हललं नाही.

बाईंनी मग शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचं सांगितलं. बुचाच्या कापातल्या पोकळ्यांची त्यानं नुसती चित्रं काढली नाहीत, त्या मोजल्याही. इंचाच्या अठराव्या भागात साठ, म्हणजे इंचाला हजारावर. १६६५ साली त्यानं ते छापलं. आम्ही लगेच भागाकार केला: एक पोकळी सुमारे २४ मायक्रोमीटर.

आज माझी स्वतःची पॅथॉलॉजी लॅब आहे आणि तिथे रोज बाई आठवतात. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटरची. स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरात, ती लहान झाली आहे की नाही हे शेजारच्या लहान लिम्फोसाइटच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या) केंद्रकाशी ताडून बघतात. निरोगी माणसात दोघांचा आकार साधारण सारखा असतो. लोह कमी पडलं की तांबडी पेशी त्याच्यापुढे खुजी दिसते. हाताखालच्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवते.

अलीकडे बऱ्याच ठिकाणी कांद्याची पेशी पडद्यावरच दाखवतात आणि खाली ‘४०० पट’ छापलेलं असतं. पडदा मोठा केला की तो आकडा खोटा ठरतो. चित्रात मोजपट्टीची रेघ असेल तर ती चित्राबरोबर ताणली जाते आणि खरी राहते. पण ती रेघ फार कमी चित्रांत असते, आणि मुलं विचारतही नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुवर्णमहोत्सवानिमित्त मी प्रयोगशाळेला बाईंच्या नावानं एक स्टेज मायक्रोमीटर (बारीक रेघा आखलेली काचपट्टी) आणि नेत्रभिंगात बसवायची मोजपट्टी देत आहे. त्या काचपट्टीवर एका मिलिमीटरचे शंभर भाग आहेत, प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा. शिक्षकांना एकच विनंती: वस्तुभिंग बदललं की नेत्रभिंगातली पट्टी दर वेळी त्याच्याशी नव्यानं जुळवून घ्यावी, आणि ती मुलांच्या हातूनच जुळवून घ्यावी.