फ्रेंच खेड्यातलं दगडी घर: दगडांमधल्या दर्जा सिमेंटने भरू नका

नैऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्यच्या खेड्यांत सुट्टीसाठी घेतलेल्या जुन्या घरांचं नेहमीचं दुखणं म्हणजे ओल. भिंतीचा खालचा मीटरभर भाग ओला, आतल्या गिलाव्याला लोणा, रंगाचे पोपडे. ओल जमिनीतून पूर्वीही चढायची, पण दर्जांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, सुकून जायची. कोणीतरी त्या दर्जा सिमेंटने भरल्या, की ती आतच अडकते.

भिंत साधारण ५० ते ६० सेंटीमीटर जाड असते: दोन्ही तोंडांना चुनखडीचे दगड, पोटात कपच्या आणि माती. जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. चुन्याची दर्ज दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र, म्हणून पाणी तिथून बाहेर पडतं. ती बंद झाली की पाणी दगडातून वाट काढतं, क्षार दगडाच्या तोंडाशी साठतात, थंडीत पाणी गोठतं आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. दगड झिजून आत गेलाय आणि सिमेंटची जाळी पुढे आलीय, असं दिसलं तर आणखी तपासणी नको. जुन्या वाड्यांच्या चुन्यातल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला की आपल्याकडेही हेच होतं.

आधी छप्पर, पन्हळी आणि बाहेरच्या जमिनीचा उतार नीट करा. पाया उथळ असतो, त्यामुळे भिंतीला खेटून पायाच्या तळाखाली चर खणू नका. आत प्लास्टिक अंथरून काँक्रीटची फरशी ओतली, तर जमिनीतली ओल भिंतींकडे ढकलली जाते. हे फार घरांत झालंय.

मग दर्जा. सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा कापल्या जातात. दोन-तीन सेंटीमीटर खोल, एका वेळी मीटरभर रुंद पट्टाच मोकळा करा. सगळी भिंत एकदम उकरली तर दगड सैल होतात. मोठ्या फटीत दगडाच्या कपच्या ठोकून बसवा, नुसता माल (चुना-वाळूचं मिश्रण) भरू नका. आदल्या दिवशी भिंत भिजवा आणि भरण्याआधी पुन्हा पाणी मारा, नाहीतर कोरडा दगड मालातलं पाणी शोषून घेतो.

मालासाठी एनएचएल ३.५ हा नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणारा) चुना. तो जवळच्याच सेंतास्तिए गावात बनतो. दगड फारच मऊ असेल तर त्याहून मऊ एनएचएल २. एक बादली चुन्याला अडीच बादल्या स्थानिक वाळू, चार मिलिमीटरपर्यंतच्या दाण्याची. दर्जेचा रंग वाळूच ठरवते, तेव्हा आधी नमुन्याचा तुकडा करून सुकू द्या. माल घट्ट हवा. तो करणीने दाबून भरा.

खरं कौशल्य नंतर लागतं. काही तासांनी नखाचा ओरखडा उठतो, पण माल बोटाला चिकटत नाही, तेव्हा करणीच्या कडेने वरचा थर खरवडा आणि ताठ केसांच्या ब्रशने झाडा. लवकर झाडलं तर माल दगडावर पसरतो, उशीर झाला तर निघतच नाही. साध्या लोखंडी तारेचा ब्रश टाळा, त्याचे कण दगडावर गंजतात. त्यानंतर काही दिवस दर्जा ओलसर ठेवा. ऑगस्टच्या उन्हात ओलं गोणपाट टांगायलाच हवं. तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर काम काढू नका. सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटी असेल, तर हे काम वसंतावर टाकलेलंच बरं.

आतला गिलावाही चुन्याचाच. भिंत सुकायला वर्षभर तरी द्या. घाईने प्लास्टरबोर्ड लावला तर ओल मागे दडते.

कागदपत्रांचंही पाहा. खिडकीची जागा किंवा बाह्य रूप बदलायचं तर गावच्या 'मेरी'त (नगरपालिका कार्यालयात) पूर्वसूचना अर्ज द्यावा लागतो. निर्णयाला साधारण एक महिना लागतो, संरक्षित वास्तूच्या परिसरात दोन. नुसत्या दर्जा भरायलाही काही गावांत परवानगी लागते, म्हणून आधी विचारा. दोन वर्षांहून जुन्या घराच्या दुरुस्तीत ठेकेदाराने साहित्यासकट काम केलं तर व्हॅट १० टक्के, स्वतः साहित्य आणलं तर त्यावर २०. 'माप्रिमरेनोव्ह' हे ऊर्जाबचतीच्या दुरुस्तीसाठीचं सरकारी अनुदान सुट्टीच्या घराला मिळत नाही. सही करण्याआधी ठेकेदाराच्या दहा वर्षांच्या विम्याचा (कामातल्या गंभीर दोषांसाठीचा) दाखला मागा, आणि त्यात दगडी बांधकाम लिहिलंय का ते वाचा.