टॉलीगंजची तळी

रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबचा विषय निघाला की १८२९ हे स्थापनावर्ष आणि ‘ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब’ हे बिरुद हटकून सांगितले जाते. मला मात्र या क्लबाची खरी ओळख त्याच्या मैदानावरील तळ्यांत दिसते. गोल्फ वाढला तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वालुकामय माळांवर, जिथे पावसाचे पाणी पाहता पाहता जिरते आणि झाड औषधालाही सापडत नाही; इथे मात्र त्याच्या वाट्याला आली ती समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच असलेली, पावसाळ्यात पाणी धरून बसणारी बंगालची गाळाची जमीन.

दमदमला सुरू झालेला हा क्लब विसाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या दक्षिणेकडील टॉलीगंज या उपनगरात आला. (ज्याच्या नावावरून टॉलीगंज हे नाव पडले, तो विल्यम टॉलीसुद्धा आदिगंगेचा, म्हणजे गंगेच्या जुन्या प्रवाहाचा, गाळ उपसून कालवा काढणाराच होता!) अशा सखल भागात पाण्याला हाकलून लावता येत नाही, त्याला राहायला जागा द्यावी लागते. बंगालच्या खेड्यांत घराचे जोते उंच करण्यासाठी माती काढतात आणि त्या खड्ड्याचेच तळे होते, हे लक्षात घेतले की फेअरवेच्या, म्हणजे चेंडू मारत जाण्याच्या हिरव्या पट्ट्याच्या, आड येणारी ही तळी परकी वाटत नाहीत. गर्द झाडी आणि हिरवळ पाहून कोणाला इंग्लंडमधील एखादे उद्यान आठवेलही, पण चेंडू गिळणारे पाणी अस्सल बंगाली आहे.

‘रॉयल’ हा किताब क्लबाला पंचम जॉर्जच्या १९११च्या भारतभेटीच्या निमित्ताने मिळाला. त्याच भेटीत, दिल्ली दरबारात, राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. शहराचा मान गेला आणि क्लबाला मान मिळाला, हा व्यवहार मला थोडा विनोदीच वाटतो.

त्या किताबापेक्षा मला गोल्फपटू शिव शंकर प्रसाद चौरसिया याचे उदाहरण मोठे वाटते. त्याचे वडील याच क्लबात मैदानाची निगा राखत असत. रीतसर प्रशिक्षण न घेता, इतरांचा खेळ पाहत तो इथेच शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन जिंकला. ग्रीनजवळच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीजवळच्या, त्याच्या नाजूक फटक्यांमुळे सहखेळाडू ‘चिप’ आणि ‘पट’ या फटक्यांची नावे त्याच्या आडनावाला जोडून त्याला ‘चिपपटसिया’ म्हणत. ज्या हिरवळीवर त्या फटक्यांचा हात बसला, ती त्याच्या वडिलांनी राखलेली होती.