खालच्या दहा गुंठ्यांतला पिवळा मका

दौंड तालुक्यात भीमेकाठच्या काळ्या रानात मका बघायला गेलो होतो. ऑगस्ट संपत आलेला, कणसाला मिशा येऊन वीस दिवस झालेले, दाणे दुधात. एकरातले वरचे तीस गुंठे हिरवेगार, ओढ्याकडचे दहा गुंठे पिवळे. बियाणं एक, पेरणी एकाच दिवशी, खतही सगळीकडे सारखं. बांधावर युरियाच्या दोन गोण्या येऊन पडल्या होत्या.

"साहेब, नत्र (नायट्रोजन) कमी पडलंय. आजच टाकतो."

"काका, गोणी फोडू नका. आधी एक झाड उपटू."

पिवळेपणा पानाच्या टोकाकडून मधल्या शिरेने आत शिरला होता, कडा हिरव्या होत्या. पालाश (पोटॅश) कमी असतं तर आधी कडा करपल्या असत्या. वरच्या भागात बुडाची दोन पानं वाळलेली. या वयाला तेवढं चालतं. खाली पाच वाळलेली. पानाचा हिरवेपणा आकड्यात मोजणारा क्लोरोफिल मीटर कणसाजवळच्या पानाला, लांबीच्या मध्यावर, शीर आणि कड यांच्या मधोमध लावला. वीस झाडांची सरासरी वर 52, खाली 34. मीटरखाली शीर आली की आकडा फसवा येतो, आणि घाईत ती येतेच.

म्हणजे काकांचं निदान बरोबर होतं. औषध चुकत होतं.

खालचं झाड सहज हातात आलं. मुळं आखूड, तपकिरी, मातीला कुबट वास. कुदळीने वीतभर खणलं तर खड्ड्यात पाणी झिरपलं. शिफारस हेक्टरी 120 किलो नत्राची, म्हणजे एकरी 48. सगळं युरियातून द्यायचं तर 104 किलो. काकांनी ते तीन हप्त्यांत नीट दिलं होतं. पण शेवटच्या हप्त्यानंतर पाऊस लागला, पाणी तुंबलं. हवा न उरलेल्या मातीतले जिवाणू नायट्रेटचा, म्हणजे युरियाचं मातीत जे रूप होतं त्याचा, वायू करून टाकतात. उरलेलं उचलायला मुळांना प्राणवायू नाही.

मिशा येईपर्यंत मक्याने लागणाऱ्या नत्रातलं साधारण दोन तृतीयांश उचललेलं असतं. पुढे दाणा भरताना मुळांनी कमी दिलं, की झाड पानांतलं काढून दाण्याला देतं. ते पानात प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांत असतं. ती मोडली की साखर कमी. त्यात मुळांना साखर पुरवतात ती मुख्यतः खालची पानं, आणि आधी वाळतात तीच. मग मुळं आणखी मंदावतात.

दाण्यांची संख्या तोवर ठरून गेली होती, उरलं होतं फक्त वजन. कुजक्या मुळांना युरिया देऊन ते वाढत नाही. शिवाय उशिरा दिलेलं नत्र खोडाच्या बुडाशी नायट्रेट म्हणून साठू शकतं, आणि हा मका मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) होऊन गायींच्या पोटात जाणार होता. गोण्या परत घरी गेल्या, ओढ्याकडे हातभर खोल चर काढला. काका नाराज होते. पिवळं पीक बघत नुसतं चर खणणं कुणाला आवडेल?

सोळा दिवसांनी परत गेलो. कणीस मोडून टोकाकडच्या तुकड्यात दाण्यांची सपाट बाजू बघितली. खालच्या भागात दुधाची रेषा, म्हणजे दाण्याचा घट्ट झालेला भाग आणि उरलेलं दूध यांच्यातली सीमा, निम्म्यावर उतरलेली, वर ती नुकतीच दिसू लागलेली. खालच्या खोडाचं दुसरं पेर चिमटीत दाबलं तर दहांतली तीन मऊ लागली. वारा आला असता तर लोळलीच असती. त्या दहा गुंठ्यांची कुट्टी त्याच आठवड्यात केली, वरचा मका मात्र तसाच उभा ठेवला.