कॉलेजची फुटबॉल टीम जूनमध्ये शोधू नका

गोव्यातल्या बऱ्याच कॉलेजांत फुटबॉलची टीम उभी राहते ती अशी: जूनमध्ये प्रवेश आटोपतात, ‘फुटबॉल खेळणाऱ्यांनी जिमखान्यात नावं द्यावीत’ असा कागद नोटीस बोर्डावर लागतो, चाळीसेक पोरं येतात, दोन संध्याकाळी चिखलात खेळवली जातात आणि टीम ठरते. जो स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, तुम्हाला हवा होता त्याने तोवर दुसऱ्या कॉलेजची फी भरलेली असते, नाहीतर तो बोटीवरच्या नोकरीसाठी एखाद्या कोर्सला बसलेला असतो. हाताशी उरलेल्यांतून निवडायचं याला भरती म्हणत नाहीत. भरतीचं काम मुलगा बारावीत असताना, ऑक्टोबर ते जानेवारी या काळात होतं. फेब्रुवारीपासून बोर्डाची परीक्षा. तेव्हा घरी गेलात तर आईच दारातून परत पाठवील, आणि बरोबरच आहे तिचं.

मैदानावर जायच्या आधी वही उघडा. बावीस जणांचा संच आणि तीन वर्षांची पदवी धरली तर दरवर्षी सात-आठ जागा रिकाम्या होतात. गळती धरून दहा-अकरा नवी पोरं लागतात, कारण दोघं-तिघं पहिल्याच वर्षी सुटतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर चौथं वर्ष आलं आहे. काही पोरं तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतात, काही ऑनर्ससाठी थांबतात. कोण थांबणार हे तिसऱ्या वर्षाच्या पोरांना जानेवारीतच विचारून घ्या. नुसती डोकी मोजू नका, जागेनुसार मोजा. दोन्ही स्टॉपर आणि पहिला गोली (गोलकीपर) एकाच वर्षी बाहेर पडत असतील तर त्या साली तुम्हाला फॉरवर्ड कितीही चांगला मिळाला तरी उपयोग नाही. ज्या गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर देशाला दिला, त्याच गोव्यातल्या कॉलेजांना दुसरा गोली मिळत नाही ही नेहमीची रड आहे. संचात तीन गोली हवेत, म्हणजे दरवर्षी एक. हा नियम मोडला की दोन वर्षांनी मधल्या फळीतला एखादा हाफ हातमोजे घालून उभा दिसतो.

आता मुलुख. कुठून पोरं आणायची असं विचारलं की सगळ्यांचं बोट सासष्टीच्या किनाऱ्याकडे जातं: कोलवा, बाणावली, वार्का, वेळ्ळी, असोळणे. फुटबॉल तिथल्या हवेत आहे हे खरंच. पण तिथल्या चांगल्या पोराकडे एव्हाना क्लब असतो, मडगाव-नावेलीची कॉलेजं दारात असतात, आणि दूर उत्तरेकडच्या पेडण्याच्या किंवा साखळीच्या कॉलेजला तो का येईल? नाव ऐकून मुलुख निवडू नका, बस बघून निवडा. नकाशावर वर्तुळ काढायचंच तर किलोमीटरचं काढू नका, वेळेचं काढा. सराव साडेचार ते सहा, अंघोळ-आवराआवर धरून साडेसहाला पोरगा स्टँडवर. आठपर्यंत तो घरी पोचला पाहिजे. एका संध्याकाळी स्टँडवर उभे राहून प्रत्येक रूटची शेवटची बस किती वाजता सुटते ते स्वतः लिहून घ्या. वेळापत्रकावर विसंबू नका. आतल्या गावांच्या खाजगी बसगाड्या प्रवासी नसले की शेवटची फेरी गाळतात.

हा तक्ता झाला की कॉलेजचा खरा मुलुख दिसतो. म्हापशाच्या कॉलेजला शिवोली, हळदोणे, थिवी सोपी, पेडणे जमण्यासारखं. मडगावला कुडचडे-केपे पट्टा चालतो; काणकोण मात्र करमल घाटामुळे दूरच, तिथला पोरगा रोज ये-जा करून तीन वर्षं टिकत नाही. पणजीच्या कॉलेजांनी दिवाडी आणि चोडणची पोरं घेतली तर फेरीबोटीच्या वेळा सरावाच्या वेळापत्रकाला टाचून ठेवाव्यात. फोंड्याजवळच्या फर्मागुडीचं ठिकाण नकाशावर मध्यावर आहे म्हणून फोंड्याच्या लोकांना वाटतं की सगळा गोवा आपला. फोंड्याहून सगळीकडे जाता येतं हे खरं, पण सातनंतर सगळीकडे जाता येतं असं नाही. दोन तृतीयांश पोरं या वेळेच्या वर्तुळातून घ्या. लांबचा पोरगा घ्यायचा तर आधी वसतिगृहाची खाट किंवा नातेवाइकांचं घर पक्कं करा. ‘बघू काहीतरी’ म्हणून आणलेला पोरगा गणपतीला गावी जातो तो परत सरावाला येत नाही.

सत्तरी, सांगे, धारबांदोडा हा भाग फुटबॉलवाले सोडूनच देतात. तिथे क्रिकेट, व्हॉलीबॉल, कबड्डी जास्त. पण वेग शिकवून येत नाही, आणि धावणारी पोरं तिथे आहेत. शाळांच्या ॲथलेटिक्समध्ये १०० आणि ४०० मीटरला पुढे असलेले, डाव्या पायाने चेंडू मारणारे कुणी दिसले तर नाव टिपा. साइड बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, म्हणून वर्षभरात तयार होतात. पहिल्या वर्षी खेळवण्याचं वचन मात्र देऊ नका.

पोरं दिसतात तीन ठिकाणी. पहिलं, उच्च माध्यमिक शाळांच्या स्पर्धा. सुब्रोतो कप या शालेय स्पर्धेचा मोठा गट सतरा वर्षांखालचा, म्हणून त्याच्या राज्य फेरीत दिसणारा अकरावीचा पोरगा तुमच्या पुढच्या वर्षीच्या यादीतला. दुसरं, क्लबांच्या आणि अकादम्यांच्या युवा संघांतून अठराव्या वर्षी बाहेर पडलेले. एफसी गोवा, सेसा, धेंपो यांच्या युवा संघांतल्या सगळ्यांनाच वरच्या संघात जागा मिळत नाही. या पोरांना शिस्त असते, पण मन मोडलेलं असतं. त्यांच्याशी बोलताना ‘तिथे जमलं नाही म्हणून इथे’ असा सूर अजिबात नको. तिसरं ठिकाण म्हणजे वाड्यावाड्यांच्या रविवारच्या मॅची, कापणी झालेल्या शेतात किंवा चर्चच्या मैदानावर.

जन्मतारखेकडेही बघा. वयोगटांची रेघ १ जानेवारीला असते. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात, पण चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाच्या वाढीचा फरक असतो. त्यामुळे शाळेच्या टीमांत वर्षाच्या सुरुवातीची पोरं जास्त भरतात. ऑक्टोबर-डिसेंबरवाला किरकोळ दिसतो म्हणून बाकावर बसतो आणि पुढे खेळच सोडतो. अठराव्या वर्षी तो अंगाने भरलेला असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कॉलेजला स्वस्तात मिळणारा खेळाडू तो हाच.

मॅच बघताना चेंडूच्या मागे डोळे फिरवू नका. समजा शेतातली सात-सात जणांची मॅच आहे आणि तुम्हाला साइड बॅक हवा आहे. एकच पोरगा धरा, दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. वहीत तीन उभे रकाने: चेंडू आपल्याकडून गेला तेव्हा त्याची पहिली तीन पावलं कुठे पडली, चेंडू येण्याआधी त्याने मान वळवून मागे पाहिलं का, चूक झाल्यावर तो कुणाकडे बघतो. पहिल्या रकान्यात मागे धावला तर बरोबर, थांबून हात वर केले तर फुली. दहा मिनिटांत पाच-सहा प्रसंग मिळतात, तेवढे पुरतात. चेंडूवरचं कसब शेतात कळत नाही. ढेकळांवर चांगल्याचाही ट्रॅप, म्हणजे पायाने थांबवलेला चेंडू, उडतो. ते मैदानावर बोलावून बघा. तिसरा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सोबत्यावर ओरडणारा सुधारतो. प्रेक्षकांतल्या ओळखीच्या माणसाकडे बघून हसणारा सहसा नाही.

चाचणी डिसेंबरात ठेवा. जूनच्या चिखलात घेतली तर जाडजूड, जोरकस पोरंच निवडली जातात, कारण चेंडू अडकतो आणि ताकदीचं फावतं. मार्च-एप्रिलमध्ये जांभ्याची जमीन दगडासारखी होते, गुडघे सोलतात आणि पोरं अंग चोरून खेळतात.

दमासाठी यो-यो चाचणी पुरेशी. २० मीटर अंतरावर दोन ओळी, सुरुवातीच्या ओळीच्या मागे ५ मीटरवर आणखी एक खूण. रेकॉर्ड केलेल्या बीपच्या तालावर वीस जायचं, वीस यायचं, मग १० सेकंद त्या पाच मीटरांत चालत जाऊन परत यायचं. सुरुवात ताशी १० किलोमीटरने, पुढे वेग वाढत जातो, दुसऱ्यांदा बीप चुकली की बाद. घोळ होतात ते फालतू कारणांनी. अंतर टेपने न मोजता पावलांनी मोजलेलं असतं. आवाज मोबाइलच्या स्पीकरवर असतो आणि पठारावरच्या वाऱ्यात टोकाच्या पोराला तो ऐकूच येत नाही, तो शेजाऱ्याकडे बघून धावतो. आणि अर्धी पोरं आदल्या दिवशी वाड्याची मॅच खेळून आलेली असतात, म्हणून चाचणी सोमवारी कधीच घेऊ नका. ३० मीटरची धाव घेतलीत तर सगळ्यांची वेळ एकाच माणसाने घ्यावी. दोन हातांतली दोन घड्याळं कधी जुळत नाहीत.

खरी निवड चार-चारच्या खेळात होते. ४० बाय ३० मीटरची दोन मैदानं, सोळा पोरं, चार मिनिटांचा एक खेळ, दोन मिनिटं विश्रांती, आणि दर खेळाला टीमा बदलायच्या. जिंकणाऱ्या टीममधल्या प्रत्येकाला ३ गुण, बरोबरीला १, स्वतः गोल मारला तर आणखी १. सहा खेळ झाले की बेरीज करा. कुणाही सोबत टाकला तरी ज्याची टीम जिंकते असा एखादा पोरगा या यादीत वर येतो, आणि बऱ्याचदा तो कुणाच्याच नजरेत आलेला नसतो. गोलींना या गणितात धरू नका, त्यांची चाचणी वेगळी घ्या.

नाव पसंत पडलं की लगेच कागद. जन्मदाखला, बारावीचे विषय, शाळेची क्रीडा प्रमाणपत्रं. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट आहे आणि नियमित विद्यार्थी असण्याचीही. शिक्षणात खंड पडलेल्या मोठ्या पोराचं वय प्रवेशाच्या आधीच तपासा. क्लबचं काय ते स्पष्ट विचारा: कुठल्या क्लबकडे नोंदणी, करार कधीपर्यंत, क्लबच्या मॅची कुठल्या वारी. शक्य तर क्लबच्या सेक्रेटरीकडून लेखी संमती घ्या. शनिवारी क्लबसाठी नव्वद मिनिटं, रविवारी वाड्यासाठी, सोमवारी कॉलेजसाठी, असा पोरगा ऑक्टोबरात मांडीचा स्नायू धरून बसतो.

घरी जाल तेव्हा बोलणं बहुधा बापाशी नाही, आईशीच होतं. ‘सर, फुटबॉल खेळून पुढे काय?’ या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका. साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्यातल्या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा सोडली. त्याआधी मोठ्या क्लबात जागा मिळाली की घर चालतं असा विश्वास होता, तो आता तसा उरला नाही. कॉलेजची बाजू बळकट आहे ती याच कारणाने. पदवी हातात, खेळही चालू, असं सरळ सांगा. आणि त्याच बैठकीत संकोच न करता विचारून घ्या की पोर्तुगीज पासपोर्टचं काम चालू आहे का, भाऊ इंग्लंडला आहे का, बोटीचा विचार आहे का. उत्तर ‘हो’ असेल तरी पोरगा घ्या, पण त्याच्या जागेवर दुसरा तयार ठेवा.

द्यायला तुमच्याकडे पैसे नसतातच. बुटांचा एक जोड, सरावानंतर दोन उकडलेली अंडी, केळी आणि भाजी-पाव, बसचा पास काढून द्यायला मदत, एवढं कबूल करा आणि पाळा. विज्ञान शाखेच्या पोराबद्दल आधी वेळापत्रकवाल्यांशी बोला. दुपारची प्रॅक्टिकलं पाचला सुटली की साडेचारचा सराव बुडतो, म्हणून बॅच सकाळची मिळवा. ७५ टक्के हजेरी आणि आयएसएच्या (सेमिस्टरमधल्या अंतर्गत चाचण्यांच्या) तारखा खेळाडूंच्या ग्रुपवर तुम्हीच टाका. नाहीतर चाचणी बुडाल्याचं तुम्हाला कळतं तेव्हा सेमिस्टर संपलेलं असतं.

मुलींच्या टीमसाठी गणित तेच, फक्त वर्तुळ लहान आणि सराव साडेपाचला संपलेला. कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. खेळाडू हँडबॉल, व्हॉलीबॉल आणि ॲथलेटिक्समधून आणाव्या लागतात.

जूनमधला तो नोटीस बोर्डावरचा कागद तरीही लावा. त्यातून येणाऱ्या चाळीस जणांत एखादा उंच, शाळेत विकेटकीपिंग केलेला, हात मऊ असलेला पोरगा असतो. त्याला विचारा, गोलात उभा राहतोस का?