‘फूल येऊ द्या, मग बघू’: जुना गुलाब मिळवताना

जुना गुलाब वाढवायला फारसं काही लागत नाही. निदान सहा तास ऊन, पाणी न साचणारी जमीन, बुडाशी कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन, बस. आधुनिक गुलाबांसारखे लाडही तो मागत नाही. खरा छळ होतो तो जो मागवला तोच गुलाब आपल्या बागेत आलाय की नाही, हे ठरवताना. माझा निम्मा संताप अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. 1867 साली फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ नावाचा गुलाब आला. तो पहिला हायब्रिड टी, म्हणजे आधुनिक गुलाबांच्या मुख्य गटातला पहिला, मानला जातो. त्याच्या आधीपासून असलेल्या गटांना जुने गुलाब म्हणायची पद्धत आहे. गॅलिका, डमास्क, आल्बा, सेंटिफोलिया, मॉस हे युरोपातले जुने गट. चायना, टी, नॉयझेट, बूर्बाँ यांच्यात चिनी गुलाबांचं रक्त आहे, त्यामुळे ते पुन्हापुन्हा फुलतात. पहिल्या गटांतले बहुतेक मात्र वर्षातून एकदाच फुलतात, आणि तेही मागच्या वर्षी वाढलेल्या फांदीवर. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

मला ‘शार्ल द मिल’ हवा होता. हा गॅलिका. किरमिजी-जांभळा, पाकळ्यांनी गच्च भरलेला, वरून सुरीने सपाट कापल्यासारखा. एका नर्सरीकडून मागवला. स्वतःच्या मुळांवरचं रोप नव्हतं, डोळा भरलेलं कलम होतं, म्हणजे दुसऱ्याच गुलाबाच्या मुळांवर (त्याला खुंट म्हणतात) हव्या जातीचा डोळा बसवलेला, ते घेतलं. झाडं झोपेत असताना आलं ते, पानं नसलेलं, मुळं उघडी. मुळं काही तास पाण्यात बुडवली, कलमाची गाठ, म्हणजे डोळा आणि खुंट जुळतात ती जागा, दोन-तीन इंच मातीखाली जाईल असं लावलं. कडक थंडीच्या ठिकाणी गाठ अशी खोल ठेवतात, म्हणजे ती थंडीपासून वाचते आणि वरच्या जातीलाही पुढेमागे स्वतःची मुळं फुटतात. लावणी झाली, पालवी आली, सगळं छान.

मग ते रोप सुटलं. गॅलिका कमरेएवढं किंवा थोडं वर वाढतं, ताठ, झुडपासारखं. याच्या फांद्या वेलीसारख्या लांबलचक निघाल्या आणि आपल्याच भाराने लवायला लागल्या. गॅलिकाचं पान खरबरीत, निस्तेज हिरवं, शिरा उठून दिसणारं. हे हाताला गुळगुळीत लागत होतं. गॅलिकाच्या फांदीवर मोठे आकडेबाज काटे नसतात, बारीक केसाळ काट्यांची लव असते. इथे ती नव्हतीच. मी फोटो काढले आणि नर्सरीला लिहिलं की डोळा मेला असावा, वाढतोय तो खालचा खुंट.

उत्तर आलं: ‘मॅडम, पानांवरून जात ठरवता येत नाही. फूल येऊ द्या, मग बघू.’

ऐकायला किती वाजवी! पण फूल येणार मागच्या वर्षीच्या फांदीवर. म्हणजे लावलेल्या वर्षी फूल दिसण्याची आशाच कमी. आणि नर्सरीच्या बिलावर मागे बारीक अक्षरात छापलेलं: तक्रार पहिल्या हंगामाच्या आत करावी. पुरावा दुसऱ्या हंगामात येणार आणि दाद मागायची मुदत पहिल्यात संपणार. हा नियम कोणी बसवला ते कळत नाही, पण ज्याने बसवला त्याने एकदाच फुलणारा गुलाब कधी लावला नसणार.

त्याहून कहर म्हणजे रोपासोबत आलेलं माहितीपत्रक. ‘दर हिवाळ्यात झाड निम्म्यावर छाटावे.’ हा सल्ला हायब्रिड टीचा. एकदाच फुलणाऱ्या गुलाबावर तो पाळला तर पुढच्या बहाराच्या फांद्या हिवाळ्यातच कापल्या जातात आणि फुलंच दिसत नाहीत. मी कात्री अडगळीत टाकली. या गुलाबांची छाटणी बहार संपल्यावर लगेच करायची: सर्वांत जुन्या, जाड फांद्यांपैकी काही बुडापासून काढायच्या, बाकीच्या हव्या तर थोड्या आखडायच्या. हिवाळ्यात फक्त वाळकं आणि तुटकं काढायचं. लांब फांद्या असतील तर त्या आडव्या वाकवून बांधा. वाकवलेल्या फांदीला सगळ्या लांबीवर बगलफुटवे येतात आणि प्रत्येकावर फूल.

फुलं आली. गडद लाल, अर्धवट दुहेरी, मध्ये पिवळे पुंकेसर उघडे. ओळखीचंच निघालं: ‘डॉक्टर ह्यूई’. डोळा भरायला खुंट म्हणून हा गुलाब, विशेषतः अमेरिकेत, फार वापरतात आणि वरचा डोळा मेला की हाच बागेत डोकं वर काढतो. कोणाच्याही गुलाबाने एका वर्षी अचानक ‘रंग बदलला’ असेल तर आधी याच्यावर संशय घ्या.

मी परत लिहिलं. नर्सरीचं उत्तर वाचून मी खुर्चीतून उठले: ‘शार्ल द मिलसुद्धा लालसरच असतो. मातीनुसार छटा बदलते.’ छटा बदलते, कबूल. शंभराहून जास्त पाकळ्यांच्या जागी मूठभर पाकळ्या मातीमुळे होतात? मी कळीचा, उमललेल्या फुलाचा, पानाच्या खालच्या बाजूचा आणि माती उकरून काढलेल्या गाठीचा फोटो पाठवला. सगळ्या फांद्या गाठीच्या खालून निघालेल्या स्पष्ट दिसत होत्या. मग ठरल्याप्रमाणे मुदतीचं कारण पुढे आलं.

इथे माझी पहिली तक्रार कामी आली. ती पहिल्याच हंगामातली होती, लेखी होती, आणि ‘फूल येऊ द्या’ हे त्यांचंच उत्तर तिच्याखाली होतं. म्हणून सांगते, शंका आली की त्याच हंगामात लिहून टाका, फोनवर बोलत बसू नका. फोनवरच्या गोड बोलण्याला तारीख नसते. शेवटी बदली रोप मिळालं, पण उघड्या मुळांची रोपं हिवाळ्यातच निघतात म्हणून आणखी एक थांबणं. या वेळी मी स्वतःच्या मुळांवरचंच हवं म्हणून अडून बसले आणि ते मिळालं. आधी नव्हतं, आता कुठून आलं, हे मी विचारलं नाही.

स्वतःच्या मुळांचा फायदा असा की जमिनीतून जो फुटवा येईल तो त्याच जातीचा. कलमात गाठीखालचा फुटवा खुंटाचा असतो. तो वरून कापू नये, माती उकरून मुळाशी जोडलेल्या जागेवरून ओढून तोडावा, नाहीतर दुप्पट येतो. एक गोष्ट मात्र आहे, स्वतःच्या मुळांवरचे गॅलिका जमिनीखालून पसरतात. जागा कमी असेल तर चारी बाजूंनी फावड्याने मुळं तोडत राहावं लागतं. मला त्याचा त्रास वाटत नाही, तोडलेलं रोप मागायला लोक येतात आणि मी जरा तोऱ्यात देते.

फुलाआधी गट ओळखायचा तर: आल्बाची पानं राखाडी झाक असलेली निळसर हिरवी. चायनाची अरुंद, तुकतुकीत. मॉसच्या कळीवर शेवाळासारखी चिकट वाढ, बोटांनी चोळली की राळेसारखा वास. खुंट मल्टिफ्लोरा असेल तर पानाच्या देठाच्या बुडाशी जी हिरवी पट्टी असते तिच्या कडा कंगव्यासारख्या झालरदार दिसतात. ही खूण सहज पाहता येते.

जिथे हिवाळा ऊबदार असतो तिथे गॅलिका, आल्बाच्या मागे लागू नका, त्यांना फुलायला थंडी लागते. तिथे चायना, टी, नॉयझेट घ्या, ते जवळजवळ वर्षभर फुलतात. आणि पाणी सकाळी, मुळाशी. पानं सलग सातेक तास ओली राहिली की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते.

‘डॉक्टर ह्यूई’ उपटून काढला, पण मुळाचे तुकडे अजून मधूनच फुटतात. नवीन रोप मी त्या जागी लावलं नाही. जिथे गुलाब होता तिथे लगेच दुसरा लावला तर तो बऱ्याचदा खुरटतो. जागा बदला, नाहीतर खड्ड्यातली माती बदला. नावाची पट्टी ॲल्युमिनियमची घ्या आणि शिसपेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल वर्षानुवर्षं टिकते. बागेचा एक नकाशाही कागदावर काढून ठेवा, बिलाला जोडून.