चौथ्या कप्प्याची पीडा, आणि १९२ नंबर

माझ्या नॅसमधल्या (नेटवर्कवरच्या साठवणपेटीतल्या) झेडएफएस फाइलसिस्टिमचा रिसिल्व्हर, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं, एकदाचा संपला. पूल (चार डिस्कचा एकत्र साठा) ऑनलाइन आहे आणि त्यानंतरच्या स्क्रबमध्ये (सगळा डेटा वाचून तपासण्यात) शून्य एरर. मागच्या वेळी तिसऱ्या कप्प्यातल्या डिस्कचं रडगाणं गायलो होतो, ते आठवत असेल: स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या) १९७ नंबरवर, म्हणजे वाचता न येणाऱ्या 'पेंडिंग' सेक्टरांच्या आकड्यावर, आधी ८, मग १६, मग २४. (५१२ बाइटचे आठ तुकडे मिळून ४०९६ चा एक खरा सेक्टर होतो, म्हणून आकडा आठाच्या पटीत उड्या मारतो.) डिस्कची स्वतःची लाँग टेस्टही 'रीड फेल्युअर' देऊन मधेच थांबली, तेव्हा डिस्क बदलायचं ठरलं. इथवर सगळं सरळ होतं.

खरेदीबद्दल थोडं. दुकानदार "नॅसचीच आहे, बिनधास्त न्या" म्हणत वेस्टर्न डिजिटलची (डब्ल्यूडी) रेड मालिकेतली ईएफएएक्स डिस्क पुढे करत होता. रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, म्हणून पुन्हा लिहायला मंद) आहेत हे डब्ल्यूडीनं २०२० मध्ये मान्य केलं, तरी जुना माल कपाटांतून निघतोच आहे. झेडएफएसचा रिसिल्व्हर एसएमआरवर चालवणं म्हणजे बैलगाडीनं दिल्ली गाठणं. मी अडून बसलो आणि एसएमआर नसलेली रेड प्लस घेतली. पाकीट फोडायच्या आधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी भारतात लागू आहे का हे बघायचं, हा माझा जुना नियम आहे आणि तो कुणीही उचलावा.

जुनी डिस्क काढून न टाकता मदरबोर्डच्या पाचव्या पोर्टवर लावली आणि मग रिप्लेस सुरू केलं. मोडकी असली तरी तिचे बहुतेक सगळे सेक्टर वाचता येत होते, आणि या एका गोष्टीनं पुढे लाज राखली. कारण रिसिल्व्हर निम्म्यावर आला आणि चौथ्या कप्प्यातली डिस्क गायब! डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'हार्ड रिसेटिंग लिंक'ची रांग, मग ६ जीबीपीएसवरून ३ वर घसरण, मग डिस्कच नाही. रेडझेड१ (एकच डिस्क गेलेली सोसणारी झेडएफएसची रचना) मध्ये जुनी डिस्क बाहेर असती तर पूल तिथेच सस्पेंड झाला असता.

चौथीचं स्मार्ट बघितलं तर ५ (बदलून टाकलेले सेक्टर) शून्य, १९७ शून्य, फक्त १९९ वाढतोय. १९९ म्हणजे सीआरसी (डिस्क आणि बोर्डमधल्या प्रवासात झालेल्या डेटाच्या चुका), सीआरसी म्हणजे केबल, हे आपल्याला झोपेतही पाठ आहे. डेटा केबल बदलली, फरक नाही. पोर्ट बदलला, फरक नाही. मग दुसऱ्या आणि चौथ्या कप्प्यातल्या डिस्कची अदलाबदल केली, तर पीडा चौथ्या कप्प्यातच राहिली आणि तिथे आलेली चांगली डिस्क पडायला लागली. म्हणजे डिस्क निर्दोष, केबल निर्दोष, पोर्ट निर्दोष. एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं वेगळं कार्ड) मागवायच्या बेतात होतो. कार्टमध्ये टाकलंही होतं.

सहज म्हणून स्मार्टचे जुने आणि नवे आउटपुट शेजारी ठेवले, आणि तिथे सापडलं. चौथ्या कप्प्यातून गायब झालेल्या डिस्कचा १९२ (पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट, वीज अचानक गेल्यावर डिस्कचं हेड मागे घेणं) आणि १२ (पॉवर सायकल) दोन्ही वाढलेले. मशीन मात्र मधे एकदाही बंद झालेलं नव्हतं, अपटाइम साक्षीला. डिस्कला वीजच क्षणभर मिळत नव्हती!

गुन्हेगार होता एकाचे चार करणारा साटा पॉवर स्प्लिटर, त्या मोल्डेड प्लास्टिकवाल्या जातीचा. शेवटच्या कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिनांशी प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं आणि जरासं फुगलेलं. मल्टीमीटरवर ११.६ दिसत होते. एटीएक्सच्या ५ टक्क्यांच्या सवलतीत ११.४ पर्यंत चालतं, म्हणजे मीटर 'सब ठीक' सांगत होता. क्षणिक डुबकी त्याला दिसतच नाही. हिशेब करा: साटा पॉवरच्या एका पिनची क्षमता दीड अँपिअर, १२ व्होल्टच्या पिना तीन, म्हणजे साडेचार. ३.५ इंची डिस्क स्पिन-अपला सुमारे २ अँपिअर ओढते. एका कनेक्टरवर दोन डिस्क, बस्स. चार लावायला देणारा स्प्लिटर विकावाच कशाला?

पीएसयूच्या (मशीनच्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) दोन स्वतंत्र वायरींवर दोन-दोन डिस्क टाकल्या, आणि त्या रात्रीपासून १९९ जागचा हललेला नाही. एचबीए कार्टमधून बाहेर.

आता हे लिहिता लिहिता डोक्यात किडा वळवळला: तिसऱ्या कप्प्यातली 'मेलेली' डिस्कसुद्धा त्याच स्प्लिटरवर होती. लिहिणं थांबवून बघितलं. तिचाही १९२ फुगलेला. डिस्कवर लेखन चालू असताना वीज गेली तर सेक्टर अर्धवट राहून पेंडिंगमध्ये जातो. त्यावर पुन्हा लिहिलं आणि खालचा पृष्ठभाग शाबूत असेल, तर १९७ खाली येतो आणि ५ तसाच राहतो. ती पूलमधून सुटलेलीच आहे, तेव्हा वॉरंटीचा अर्ज थांबवून तिच्यावर बॅडब्लॉक्स (अख्खी डिस्क लिहून-वाचून तपासणारा प्रोग्राम) लेखन-मोडमध्ये सोडलंय. पहिला पॅटर्न लिहून झाला: १९७ शून्य, ५ ही शून्य.

उरलेले तीन पॅटर्न बाकी आहेत, ४ टीबीला वेळ लागणारच. पास झाली तर ओपनझेडएफएस २.३ च्या नव्या सोयीनं रेडझेडला जोडायचा मोह आहे, पण त्यात पॅरिटी (डिस्क गेली तरी सावरणारा जादा डेटा) एकच राहते, डिस्क मात्र पाच होतात. त्यापेक्षा तिला यूएसबी डॉकवर स्नॅपशॉट (पूलच्या त्या क्षणाच्या प्रती) घ्यायला ठेवावी असं आत्ता वाटतंय. रेडझेड२ (दोन डिस्क गेल्या तरी टिकणारी रचना) साठी पूल नव्यानं बांधायचा तर आधी सगळा डेटा ठेवायला जागा हवी, आणि ती जागा बहुधा हीच डिस्क देईल.