९५ नंबरच्या खोलीतला वाडगा

लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज, सगळं झालं. फोटो आहेत, त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. ग्रुप टूरने गेलं की असंच होतं. रोज रात्री तेच छोले, तोच जीरा राईस, आणि ब्रिटिश म्युझियमला जेमतेम दीड तास. "रोझेटा स्टोन, ममी आणि थेट बसमध्ये," असं टूर मॅनेजरने बजावलेलं. ममींच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दी दिसली की माझं डोकं उठतं. मी सटकले, माझ्यामागून गुडघे सांभाळत नाशिकच्या काकू आल्या, आणि आम्ही ९५ नंबरच्या खोलीत शिरलो.

आत चिनी मातीची भांडीच भांडी. जवळजवळ १,७०० वस्तू आहेत म्हणे, आणि बघायला आम्ही दोघी!

मला हवा होता तो वाडगा सापडायला वेळ लागला, कारण तो आहे आपल्या वरणाच्या वाटीहून जरासा मोठा. पांढऱ्याशुभ्र अंगावर जर्दाळूची बहरलेली फांदी, विलोच्या लोंबत्या डहाळ्या आणि दुभंगल्या शेपटीच्या दोन भिंगऱ्या, म्हणजे स्वॅलो पक्षी. बाजूला कवितेच्या ओळी, त्यात भिंगरीला फुलांतून जाणारी जेडची कात्री म्हटलंय. विलोचं एकेक पान इतकं बारीक, की रंगवणाऱ्याने श्वास कधी घेतला असेल असं वाटतं. अठराव्या शतकातला, चियेनलुंग बादशहाच्या काळातला हा वाडगा. अशी भांडी चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्टीत कोरी पांढरी भाजायची, मग हजारभर किलोमीटरवर बीजिंगला न्यायची आणि राजवाड्यातल्या कारखान्यात मिन्याच्या रंगांनी रंगवून पुन्हा मंद आचेवर भाजायची. दुसऱ्या भाजणीत बिघडलं की आधीचं सगळं वाया.

याच्या जोडीचा वाडगा एप्रिल २०२३ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात १९ कोटी ८० लाख हाँगकाँग डॉलरच्या वर गेला. आपले दोनशे कोटी धरा. एकेकाळी दोन्ही एकत्र होते, पुढे विक्रीत ताटातूट झाली. मी आकडा सांगितल्यावर काकूंनी पर्स छातीशी धरली आणि काचेपासून दोन पावलं मागे सरकल्या. "आणि हा फुकट बघायला ठेवलाय?"

आता मला चिडवणारी गोष्ट. हा सगळा संग्रह सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा, आणि हे गृहस्थ १८९२ मध्ये जन्मले आपल्या मुंबईत! बगदादी ज्यू घराणं. वडील सर ससून डेव्हिड हे बँक ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष. (काळा घोड्याच्या लायब्ररीवाले डेव्हिड ससून वेगळे, ही उलटापालट मलाही छळते.) पर्सिव्हलसाहेबांनी लंडनला राहून आयुष्यभर भांडी जमवली, चिनी शिकून जुने ग्रंथ वाचले आणि १९५० मध्ये संग्रह लंडन विद्यापीठाला देऊन टाकला. २००९ पासून तो इथे आहे. चौकाचौकाच्या नावावरून हातघाईवर येणारे आपण, आणि या मुंबईकराचं नाव मी कधी ऐकलेलंही नसावं? लंडनला जायचं ठरल्यावर इंटरनेटवर चाळताना पहिल्यांदा दिसलं. शाळेत प्लासीची लढाई तीनदा शिकवली, एवढं एक वाक्य कुठे घातलं असतं तर काय बिघडलं असतं?

गेलात तर ममी सोडा आणि इथे या, असा सल्ला देणार होते. पण नको. सगळे आलात तर इथेही धक्काबुक्की होईल.

काकूंना मी सांगितलं, वाडग्यावरच्या त्या गुलाबी रंगात सोनं असतं, अगदी सूक्ष्म कण, त्यानेच तो रंग येतो. त्या लगेच परत काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. "पण कुठे चमकत नाही हो," म्हणाल्या, आणि चष्मा पुसून पुन्हा बघायला लागल्या.